विश्लेषण : लहान मासा पाण्यात परत सोडणे नेहमीच फायद्याचे असते का? अमेरिकेतील तलावांचे नियम काय सांगतात?

लहान मासा सोडून द्यावा, मोठा झाला की पकडावा, हा मासेमारीतील साधा हिशेब. अमेरिकेतील ‘क्रॅपी’ या गोड्या पाण्यातील माशाच्या बाबतीत मात्र तो अनेक तलावांत चुकतो. म्हणूनच एका तलावात दहा इंचांपेक्षा लहान क्रॅपी ठेवण्यास बंदी, दुसऱ्यात लांबीची अटच नाही, तर तिसऱ्यात थोडे महिने मासा परत सोडण्यासच मनाई, असे उलटसुलट नियम दिसतात. असे का?

क्रॅपी म्हणजे कोणता मासा?

दोन्ही बाजूंनी चपटा, अंगावर काळे ठिपके असलेला हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेतील. काळा आणि पांढरा अशा त्याच्या दोन जाती आहेत. पांढऱ्या, चविष्ट मांसामुळे गळ टाकणाऱ्या हौशी मासेमारांमध्ये तो लोकप्रिय आहे. कोणत्या तलावातून किती आणि केवढे मासे न्यायचे, याचे नियम तेथील राज्य सरकारांचे वन्यजीव किंवा मत्स्य विभाग ठरवतात.

किमान आकाराची अट कशासाठी?

माशाला निदान एकदा तरी प्रजननाची संधी मिळावी आणि मासेमाराच्या हाती भरीव मासा लागावा, हे दोन हेतू. माशाचे वजन ढोबळमानाने लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे आठ इंचांचा मासा दहा इंचांचा झाला, तर लांबी २५ टक्केच वाढते; वजन मात्र जवळपास दुप्पट होते. त्यामुळे वाट पाहणे फायद्याचे वाटते.

मग हिशेब कुठे चुकतो?

वाट पाहण्याच्या काळात सगळेच मासे जगत नाहीत. समजा, आठ इंचांचे १०० मासे सोडले. त्यातील २० टक्के वर्षभरात नैसर्गिकरीत्या मेले आणि उरलेले वर्षात दहा इंचांचे झाले, तर दुप्पट वजनाचे ८० मासे मिळतील. फायदा उघड आहे. पण वाढीला दोन वर्षे लागली आणि दरवर्षी ४० टक्के मासे मेले, तर ३६ मासेच उरतील. त्यांचे एकूण वजन सोडलेल्या १०० माशांपेक्षा कमी भरेल. क्रॅपी फार दीर्घायुषी नसतो आणि अनेक तलावांत त्याचा नैसर्गिक मृत्युदर मोठा असतो. तिथे हे दुसरे गणित लागू पडते.

दुसरी अडचण गर्दीची. एक मादी हजारो अंडी घालते. लहान तलावात खाद्य अपुरे पडले, की माशांची वाढ खुंटते आणि सगळा तलाव सात-आठ इंची माशांनी भरून जातो. अशा वेळी लहान मासे सोडत राहिल्याने गर्दी आणखी वाढते. उपाय उलटा असतो : मासे काढायला मोकळीक देणे.

टेक्सासमध्ये काय नियम आहेत?

टेक्सासची सर्वसाधारण मर्यादा किमान दहा इंच आणि दिवसाला २५ मासे अशी आहे. मात्र लुईझियानाच्या सीमेवरील टोलेडो बेंड आणि कॅडो या तलावांना किमान लांबीची अट नाही. लेक फोर्क येथील नियम आणखी वेगळा आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तिथे किमान लांबी लागू नसते आणि पकडलेला प्रत्येक क्रॅपी ठेवावाच लागतो. हिवाळ्यात हे मासे खोल पाण्यात जातात. तिथून झटकन वर ओढल्यावर दाब कमी होऊन त्यांच्या शरीरातील हवेची पिशवी फुगते. असा मासा सोडला तरी जगण्याची शक्यता कमी असते. वाया जाण्यापेक्षा तो दिवसाच्या मर्यादेत मोजलेला बरा, असा यामागचा विचार. याउलट मिसिसिपीतील ग्रेनाडा या मोठ्या क्रॅपीसाठी प्रसिद्ध असलेल्या जलाशयात किमान मर्यादा १२ इंचांची आहे.

नियम बदलायचा, हे कसे ठरते?

जीवशास्त्रज्ञ तलावात जाळी लावून नमुने घेतात. माशाच्या कानातील खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असतात. त्यावरून वय कळते. वय आणि लांबी ताडून वाढीचा वेग काढला जातो. जोडीला मासेमारांच्या टोपल्यांची पाहणी होते. एका वर्षाच्या आकड्यांवर मात्र भिस्त ठेवता येत नाही. क्रॅपीची पैदास वसंतातील पाण्याच्या पातळीसारख्या गोष्टींवर अवलंबून असल्याने एखाद्या वर्षी पिल्ले अमाप असतात, तर पुढच्या वर्षी तुरळक.

महाराष्ट्रासाठी यात काय?

महाराष्ट्राने २०२३ मध्ये समुद्री माशांच्या ५४ प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला. त्यानुसार पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, तर घोळ ७०० मिलिमीटरपेक्षा लहान असताना पकडता येत नाही. इथे प्रश्न गर्दीचा नाही, तर अंडी घालण्याआधीच मासा संपण्याचा आहे. त्यामुळे मर्यादेमागचा तर्क बळकट आहे. अडचण अंमलबजावणीची आहे. गळाला लागलेला मासा पाहून सोडता येतो. जाळ्यातून होडीत येईपर्यंत बहुतेक पिल्ले मेलेली असतात. बंदरावर पट्टी लावून ती मोजता येतील, पण जिवंत करता येणार नाहीत. म्हणून आकाराच्या नियमाइतकीच जाळ्याची आस, म्हणजे विणीतील भोक, किती मोठी आहे आणि जाळे कुठे, कधी टाकले जाते, यालाही किंमत आहे.