दुसऱ्याने जमविलेली माहिती, आपले उत्तरदायित्व

काही काळापूर्वी आमच्या परिचयातील एका औषधालयाच्या मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांचा एक गठ्ठा आमच्यापुढे ठेवला. त्यांनी भरविलेल्या आरोग्यशिबिरांत मलावष्टंभ, आहार आणि निद्रा यांविषयीची ही माहिती त्यांच्या कर्मचाऱ्यांनी जमविली होती. "माहिती तयार आहे, वैद्यराज, आपण केवळ लेख लिहावा," असा त्यांचा आग्रह होता. मोह आम्हांसही झाला. परंतु पहिल्याच पानावर रुग्णाचे नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक पाहून आम्ही थांबलो. त्याने ही माहिती दिली होती ती सल्ला मिळावा म्हणून, छापली जावी म्हणून नव्हे.

"प्रश्न आपण विचारले नाहीत, मग नीतिसमितीकडे जाण्याचे कारण काय?" असा समज आपल्या व्यवसायात पुष्कळ आढळतो. तो योग्य नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पूर्वी जमलेल्या नोंदींवरील संशोधनही समितीपुढे न्यावे लागते. जोखीम पाहून परीक्षणातून सूट, त्वरित परीक्षण किंवा पूर्ण सभेत विचार, असे तीन मार्ग आहेत. त्यांपैकी कोणता, हे समिती ठरविते, संशोधक नव्हे. ओळख पुसलेल्या नोंदींसाठी संमतीची अट शिथिल करण्याचा अधिकारही समितीचाच. नावाऐवजी क्रमांक घालून नावांची यादी कपाटात ठेवल्याने ओळख पुसली जात नाही. लहान गावात तर वय, व्यवसाय आणि व्याधी एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

आम्ही तो गठ्ठा एका आयुर्वेद महाविद्यालयाच्या नीतिसमितीकडे नेला. माहिती कोणी, कोणत्या हेतूने जमविली, रुग्णांना काय सांगितले आणि खर्च कोणी केला, असे प्रश्न समितीने विचारले. प्रश्नावलीत त्याच औषधालयाच्या चूर्णाविषयीही प्रश्न होते. तेव्हा तो हितसंबंध लेखात नमूद करणे क्रमप्राप्त ठरले. संपर्क होऊ शकेल त्या रुग्णांची नव्याने संमती घ्यावी, उर्वरित पत्रके वापरू नयेत, असा निर्णय झाला. मालक नाराज झाले. पुढे एका वृद्ध बाईंनी दूरध्वनीवर स्पष्ट सांगितले, "सुनेला कळायला नको, माझा कागद काढून टाका." तो कागद आम्ही काढला. त्यानंतर मालकांनी तक्रार केली नाही.

ही शिकवण आपल्याला परकी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असे बजावले आहे. छापील पान हेही 'बाहेर'च होय.

व्यवसायबंधूंना आमची विनंती एवढीच : प्रश्नावली छापण्यापूर्वीच समितीची अनुमती घ्यावी आणि संमतिपत्रात प्रकाशनाचा उल्लेख मराठीत, रुग्णाला उमजेल असा करावा. स्वतःची समिती नसल्यास नोंदणीकृत समिती असलेल्या संस्थेशी आधी बोलावे. काम उरकल्यावर मागितलेली अनुमती बहुधा मिळत नाही. आणि गमावलेला विश्वास तर कोणतीच समिती परत देऊ शकत नाही.