साठी आली म्हणून बुद्धी नाठी? कोणते विसरणे वयाचे, कोणते आजाराचे

मोहोळ : आजोबा संध्याकाळी न अडखळता हरिपाठ म्हणतात, पण चष्मा कुठे ठेवला, ते आठवत नाही. मोहोळ तालुक्यातील अनेक घरांत हे दृश्य नवे नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरचे हसतात आणि विषय तिथेच संपतो. मात्र ही म्हण अर्धीच खरी आहे. आजाराचे विसरणे वयाच्या नावावर खपून गेले, तर उपचाराची वेळ हातची जाते.

हरिपाठ आठवतो, मग चष्मा का नाही?

स्मरणशक्ती एकाच प्रकारची नसते. वर्षानुवर्षे म्हटलेला पाठ, भाकरी थापणे, सायकल चालवणे या गोष्टी सरावाने मेंदूत पक्क्या बसतात. शब्दसंग्रह आणि अनुभवाचे ज्ञानही उतारवयात बऱ्यापैकी टिकते. मंदावते ते नवी माहिती साठवण्याचे आणि हवी तेव्हा शोधून काढण्याचे काम. त्यासाठी महत्त्वाचा असलेला मेंदूतील ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग वयानुसार हळूहळू आकसतो. शिवाय एका वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवणे अवघड जाते. चष्मा ठेवताना लक्ष दुसरीकडे असेल, तर त्याची नोंदच नीट होत नाही.

फरक कसा ओळखायचा?

• ओळखीच्या माणसाचे नाव अडते, थोड्या वेळाने आठवते : बहुधा वयाचा परिणाम.
• आठवडी बाजारातून एखादी वस्तू आणायची राहते : काळजीचे कारण नाही. बाजारातून घरी येण्याचा रोजचा रस्ताच चुकतो : तपासणी हवी.
• तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा विचारणे, पैशांचा नेहमीचा हिशेब न जमणे, स्वभाव बदलणे : डॉक्टरांना दाखवा.
• एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ उडणे : तातडीने रुग्णालय गाठा. जंतुसंसर्ग, शरीरातील सोडियम कमी होणे किंवा पक्षाघात हे कारण असू शकते.

किती जणांना आजार?

‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शहरांपेक्षा ग्रामीण भागात प्रमाण अधिक आढळले. याचाच दुसरा अर्थ, ज्येष्ठांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना हा आजार नाही.

विसरण्याची कारणे बरी होतात?

काही नक्कीच होतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा त्रास, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसरणे वाढते. यातील काही कारणे साध्या रक्ततपासणीत कळतात. कानाने कमी ऐकू येत असेल, तर सांगितलेले मुळात पोहोचतच नाही. घरच्यांना मात्र ते विसरणे वाटते. डॉक्टरांना न विचारता कोणतीही गोळी बंद करू नये.

आजपासून काय करता येईल?

‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार, १४ धोके टाळता आले तर जगातील स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण कमी होऊ शकतात किंवा आजार लांबू शकतो. रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे, धूम्रपान सोडणे, रोज चालणे, गरज असल्यास श्रवणयंत्र वापरणे आणि एकटे न राहणे हे त्यातील मुख्य उपाय. भजनी मंडळ आणि पारावरच्या गप्पाही त्यात आल्या.

तपासणीची सुरुवात जवळच्या सरकारी रुग्णालयातून करता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जाताना चालू औषधे सोबत न्या आणि विसरणे कधीपासून, कशात दिसते, हे लिहून ठेवा.