कुठलंही रायझोबियम कुठल्याही बियाण्याला चालत नाही

खरिपाच्या पेरण्या जवळ आल्या की हा सल्ला हमखास कानावर पडतो: ‘हरभऱ्याचं पाकीट उरलंय ना, तेच चोळा सोयाबीनला. जिवाणू ते जिवाणू!’ देणारा खात्रीनं देतो, ऐकणारा विश्वासानं ऐकतो. महिन्याभरानं झाड उपटून पाहावं तर मुळांवर गाठींचा पत्ता नाही. मग जिवाणू खतंच कुचकामी ठरवली जातात. हे दर वर्षी ऐकून खरोखर चीड येते, कारण दोष खताचा नसतो.

हरभऱ्यावर गाठी आणतो तो मेसोरायझोबियम आणि सोयाबीनवर ब्रॅडीरायझोबियम. दोघांनाही आपण सरसकट रायझोबियम म्हणतो, पण एकाचं काम दुसरा करत नाही. गाठ धरण्याआधी झाड आणि जिवाणू यांच्यात रसायनांची देवाणघेवाण होते आणि तिचा प्रत्येक टप्पा दोघांच्या जनुकांनी ठरलेला असतो.

सुरुवात झाड करतं. सोयाबीनची मुळं जेनिस्टीन आणि डायझीन ही फ्लॅव्होनॉइड वर्गातली द्रव्यं मातीत सोडतात. योग्य जिवाणूतलं ‘नॉड-डी’ हे प्रथिन ती ओळखतं आणि गाठ घडवणारी जनुकं जागी करतं. लसूणघासात हेच काम ल्युटिओलिन करतं, हे १९८६ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. जागा झालेला जिवाणू उत्तरादाखल ‘नॉड घटक’ सोडतो: कायटिनसारखी साखरेची आखूड साखळी आणि तिला जोडलेलं मेदाम्ल. मुळावरच्या केसांतली ग्राही प्रथिनं हा रेणू तपासतात. तो पटला तरच केस वळतो, जिवाणूला आत वाट मिळते आणि मुळाच्या पेशी विभागून गाठ तयार होऊ लागते.

ही तपासणी किती काटेकोर असते? लसूणघासाच्या जिवाणूचा नॉड घटक कसा घडलेला आहे, ते १९९० साली ‘नेचर’मध्ये आलं. त्याच्या एका टोकाला सल्फेटचा एक गट असतो. तो जोडणारं जनुक बिघडवलं, की जिवाणू लसूणघासावर गाठी धरत नाही आणि व्हेच नावाच्या वेगळ्याच शेंगवर्गीय वेलीवर धरू लागतो. एवढ्याशा फरकानं झाड बदलतं, तिथे ‘जिवाणू ते जिवाणू’ कसं म्हणता येईल?

अपवाद आहेत. चवळी, मूग, उडीद, तूर, भुईमूग यांचे जिवाणू बऱ्याच अंशी सामाईक आहेत. पापुआ न्यू गिनीत वालाच्या गाठीतून मिळालेला एक जिवाणू तर शंभराहून अधिक वनस्पती-प्रजातींवर गाठी धरतो. पण म्हणून हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालेल असं होत नाही. पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं, ते वाचा. सोयाबीन पहिल्यांदाच घेत असाल तर नक्कीच, कारण त्या जमिनीत त्याचा जिवाणू आधीपासून असण्याची शक्यता कमी.

‘गाठी दिसल्या म्हणजे नत्र मिळालं’ हेही खरं नाही. गाठ नखानं फोडून पाहा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. नत्र स्थिर करणारं विकर प्राणवायूनं निकामी होतं, म्हणून हे प्रथिन प्राणवायू धरून ठेवतं आणि बेतानं पुरवतं. पांढरट किंवा हिरवट गाठीचा उपयोग नाही.

‘जिवाणू फुकट राबतात’ हेही चूक. झाड त्यांना मॅलेटच्या रूपात अन्न देतं आणि कामाकडे लक्षही ठेवतं. २००३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतला नत्रवायू काढून जिवाणूंना काम करणं अशक्य केलं, तेव्हा त्या गाठींत जिवाणूंची वाढ कमी झाली. झाडानं त्यांचा प्राणवायू तोडल्याच्या खुणाही मिळाल्या.

‘युरिया जास्त टाकला की गाठीही वाढतात’ याच्या नेमकं उलट घडतं. मातीत नायट्रेट भरपूर असेल तर झाड गाठी धरणंच आवरतं घेतं.

‘गाठी म्हणजे सूत्रकृमीचा रोग’ अशी भीती वाटत असेल तर बोटानं ओढून पाहा. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला असते, सहज निघते. सूत्रकृमीनं मूळच सुजतं, ती सूज वेगळी काढता येत नाही.

आणि बुरशीनाशक व रायझोबियम एकत्र कालवू नका. आधी बुरशीनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. बियाणं सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.