न संपणारे पान

पाक्षिकाला शेवटचे पान असते. ३ एप्रिल १९२७ ला बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ काढले. असे पत्र वाचून संपते, खाली ठेवता येते. दोन अंकांमधल्या मोकळ्या दिवसांत विचार मुरतो.

मोबाईलच्या पडद्याला शेवटचे पान नाही, आणि ते मुद्दामच ठेवलेले नाही. २००६ साली एझा रॅस्किन या अमेरिकी रचनाकाराने आपोआप पुढे सरकणारे पान तयार केले. पुढे त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला. कंपनी जाहिरातदाराला आपली नजर विकते. नजर हलली की धंदा बुडाला. लिहिणाऱ्यावरही तोच चाबूक: रोज टाका, नाहीतर विसरले जाल. ही वेठबिगारच, वर भाकरतुकडाही नाही.

अत्याचाराची बातमी आली की आमचे तरुण कवी तासाभरात कविता टाकतात. त्यांचा संताप खराच आहे. पण खैरलांजी घडले २९ सप्टेंबर २००६ ला. भंडाऱ्याच्या न्यायालयाचा निकाल २००८ ला आला, उच्च न्यायालयाचा २०१० ला. दोन्हीकडे अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध मानला गेला नाही. का, हे कळायला निकालपत्र ओळीओळीने वाचावे लागते. रोजचा रतीब घालणाऱ्याला तेवढी उसंत कुठली?

आमच्या अभ्यासवर्गात एक ग्रंथ संपल्याशिवाय दुसरा घेत नाही. सध्या १९३६ चे ‘जातिभेदाचे निर्मूलन’ चालू आहे: लाहोरला होऊ न दिलेले भाषण. मुले कंटाळतात, भांडतात, पाने उलटून मागे जातात. तिसरा महिनाही त्यालाच द्यायचा, असे परवा ठरले.