ई.सी.जी. काढताना हात का हलवू नये?

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी मुलाला बरोबर घेऊन दवाखान्यात आले. वय 68. एका तपासणी शिबिरात त्यांचा ई.सी.जी. काढला होता आणि यंत्राने कागदाच्या माथ्यावर आपणहून 'एट्रियल फ्लटर' असे छापले होते. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला सुमारे 300 वेळा फडफडत आहेत! त्यावरून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठीही मिळाली होती. घरात दोन दिवस कोणी धड जेवले नव्हते.

नाडी पाहिली. 76, अगदी नियमित. पण तेवढ्यावरून फ्लटर नाही असे म्हणता येत नाही. वरच्या कप्प्यांच्या चार फडफडींमागे खालच्या कप्प्यांचा एक ठोका पडला, तर नाडी 75 च्या आसपास आणि नियमितच लागते. मग माझे लक्ष गुरुजींच्या उजव्या हाताकडे गेले. अंगठा आणि तर्जनी सारखी हलत होती, जणू गोळी वळत आहेत. कंपवात, म्हणजे पार्किन्सन. हा कंप सेकंदाला 4 ते 6 वेळा होतो. सेकंदाला 5 म्हणजे मिनिटाला 300. यंत्राने हाताचा कंप मोजला आणि हृदयाच्या नावावर लिहिला!

पट्टी नीट पाहिल्यावर खात्री पटली. पहिली लीड दोन्ही हातांमधली, दुसरी उजवा हात व डावा पाय यांमधली, तिसरी डावा हात व डावा पाय यांमधली. पहिल्या दोन्हींत करवतीसारखे दाते होते. तिसरीत उजव्या हाताचा संबंधच नाही आणि तीच तेवढी स्वच्छ होती.

गुरुजींचा मुलगा पॉलिटेक्निक झालेला. तो म्हणाला, "डॉक्टर, ते यंत्र चोवीस बिटांचं होतं, मी स्वतः वाचलं. मग अशी चूक कशी?" प्रश्न चांगला होता. तेव्हा घाईत दिलेले उत्तर आज जरा सविस्तर देतो.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला जी वीज निर्माण होते, ती त्वचेवर येईपर्यंत जेमतेम एक मिलिव्होल्ट उरते. टॉर्चमधल्या दीड व्होल्टच्या सेलचा हा दीड हजारावा भाग झाला. त्यातली वरच्या कप्प्यांची 'पी' लाट तर याच्याही दहाव्या-पाचव्या हिश्शाची. हार्ट अटॅकमध्ये आम्ही ज्या एक मिलिमीटर उंचावलेल्या रेषेचा शोध घेतो, ती म्हणजे मिलिव्होल्टचा दहावा भाग. एवढ्याशा खुणेवर रुग्णाला इथेच ठेवायचे की शहरात धाडायचे हे ठरते.

ही सूक्ष्म वीज आकड्यांत बदलण्याचे काम यंत्रातला एक भाग करतो. त्याला अॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर म्हणतात. चोवीस बिट म्हणजे त्याच्या मोजपट्टीवर 1,67,77,216 खुणा. पट्टी 5 व्होल्टची धरली, तर दोन खुणांमधले अंतर मायक्रोव्होल्टच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी येते. ऐकायला भारी वाटते. पण सोनाराचा काटा चालत्या एस.टी.त ठेवला तर काय उपयोग? काटा गुंजेचाही फरक दाखवील, पण त्यात सोने किती आणि रस्त्यावरचे खड्डे किती हे कसे कळणार? कन्व्हर्टरच्या आधी जो टप्पा असतो, जिथे तारा आत शिरतात आणि वीज वाढवली जाते, त्या उंबरठ्यावर मिसळलेला गोंगाट हृदयाच्या संदेशाबरोबरच वाढतो. म्हणून या यंत्रांच्या इंजिनिअरांची खरी कसोटी या पहिल्या टप्प्याच्या आखणीत लागते.

त्यांच्यापुढच्या अडचणी मजेशीर आहेत. चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड त्वचेला लागले की तिथे बॅटरीसारखी स्वतःचीच वीज तयार होते. दोन इलेक्ट्रोडमधला असा फरक 300 मिलिव्होल्टपर्यंत गेला तरी यंत्राने काम करावे, असे धरून चालतात. म्हणजे हृदयाच्या संदेशाच्या तीनशेपट! सुरुवातीलाच हजारपट वाढ केली तर या फरकाचेच 300 व्होल्ट व्हायला हवेत. अॅम्प्लिफायर त्याआधीच कमाल मर्यादेला जाऊन अडकतो. म्हणून पूर्वी थोडी वाढ, मग कपॅसिटरने हा स्थिर भाग गाळणे आणि मग मोठी वाढ, असे करीत. चोवीस बिटांचा खरा फायदा इथे आहे. सुरुवातीची वाढ थोडीच ठेवून सगळेच मोजता येते आणि गाळणी पुढे आकडेमोडीत लावता येते.

दुसरी अडचण घरच्या विजेची. भिंतीतल्या तारांमुळे आपल्या अंगावर 50 हर्ट्झचा गुंजारव सतत असतो, तोही हृदयाच्या संदेशापेक्षा मोठा. पण तो दोन्ही हातांवर जवळपास सारखा असतो. म्हणून यंत्र एका हाताच्या विजेतून दुसऱ्या हाताची वजा करते; सारखे ते जाते, वेगळे ते उरते. उजव्या पायाची तार तर मोजण्यासाठी नसतेच. अंगावरचा गुंजारव उलटा करून तिच्यातून परत अंगात सोडतात, म्हणजे तो दबतो. मात्र ही वजाबाकी दोन्ही इलेक्ट्रोड सारखेच घट्ट चिकटले असतील तरच जमते. एकाखाली जेली ओली आणि दुसऱ्याखाली वाळलेली असली की वजाबाकी चुकते आणि पट्टीवर जाड, केसाळ रेघ येते.

तिसरी गोष्ट तर निसर्गनियमच आहे. कोणत्याही रोधात, म्हणजे रेझिस्टन्समध्ये, नुसत्या उष्णतेने बारीक विद्युत खळबळ चालू असते. बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी 1928 साली ती मोजून व सिद्ध करून दाखवली. रोध जास्त तर खळबळ जास्त. आता गंमत पाहा. रुग्णाला शॉक बसू नये आणि डिफिब्रिलेटरच्या झटक्यातही यंत्र वाचावे, म्हणून आत येणाऱ्या तारांवर मुद्दाम रोध घालावा लागतो. जो रोध जीव राखतो तोच गोंगाट वाढवतो! दहा हजार ओहमच्या रोधाने साधारण एक मायक्रोव्होल्टची भर पडते, ती चालते. पण कोरडी, तेल लावलेली त्वचा याच्या कित्येकपट रोध करते आणि तिथे इंजिनिअरचे काही चालत नाही. तो टप्पा आमच्या हातात असतो. पुसायला स्पिरिटचा बोळा आणि लावायला जेली, एवढेच साहित्य.

आणि स्नायू? त्यांची वीज हृदयाच्या विजेच्याच पट्ट्यात येते, त्यामुळे ती वेगळी गाळता येत नाही. यंत्रावर फिल्टरचे बटण असते आणि ते दाबले की रेघ सुंदर दिसते, हे खरे. पण तीक्ष्ण टोके बोथट होतात. डुलणारी रेघ स्थिर करणारा फिल्टर जास्त कडक लावला, तर एस.टी. हा भाग खोटाच वर-खाली सरकू शकतो, म्हणजे नेमकी अटॅकची जागा. सुंदर पट्टीपेक्षा मला खरी पट्टी बरी वाटते. पहिली पट्टी शक्यतो हे फिल्टर न लावता पाहावी, असे माझे मत आहे.

गुरुजींचा ई.सी.जी. मी पुन्हा काढला. पंख्याचा वारा अंगावर येत होता, तो बंद केला. त्वचा पुसली, हाताचे इलेक्ट्रोड मनगटावरून खांद्याजवळ घेतले (असे केल्यास पट्टीवर तशी नोंद करावी, कारण आकृतीत थोडा फरक पडतो), हातांखाली उशी दिली आणि पाच मिनिटे गावाकडच्या गप्पा मारल्या. झोप लागल्यासारखा हात सैल पडला. प्रत्येक ठोक्याआधी पी लाट स्वच्छ दिसली. फ्लटर नव्हता. गोळ्या अजून सुरू केलेल्या नव्हत्या, चिठ्ठी खिशातच होती. कंपवाताचा माणूस चालताना पडतो. त्यातून रक्त पातळ झालेले असले तर डोक्यात रक्तस्राव व्हायला वेळ लागत नाही.

तेव्हा ई.सी.जी.ला जाताना अंगाला तेल किंवा क्रीम लावू नका. थंडीने कुडकुडत असाल तर पांघरूण मागा. मोबाइल बाजूला ठेवा, पलंगाच्या लोखंडी कडेला हातपाय टेकवू नका आणि पट्टी निघेपर्यंत बोलू नका. कंप असेल तर आधीच सांगा. कागद थर्मल असेल तर अक्षरे उडतात, त्याची झेरॉक्स काढून ठेवा. छातीत दाब, घाम, धाप असे असेल तर मात्र पट्टी चांगली आली म्हणून घरी बसू नका. अटॅकच्या सुरुवातीला स्वच्छ पट्टीसुद्धा नॉर्मल येऊ शकते आणि ती काही वेळाने पुन्हा काढावी लागते. तोवर दवाखान्यातच थांबायचे.

गुरुजींच्या फाइलला मी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी टाचल्या आहेत आणि वर लाल शाईने 'उजव्या हाताला कंप' असे लिहिले आहे. पुढच्या शिबिराला जाताना ती फाइल बरोबर न्यायला सांगितले आहे.