गुरू दूर गेल्यानंतर

शिक्षक बदलून गेले म्हणून शाळा बंद पडत नाही. परंतु ज्याच्या शब्दाने आपल्याला देवाची ओळख झाली तो माणूस दुरावला, की अंतःकरणातील दिवा मंदावल्यासारखा वाटतो. एखादा ख्रिस्ती तरुण नोकरीसाठी परगावी जातो. ज्यांनी त्याला प्रार्थनेची गोडी लावली ते धर्मगुरू दुसरीकडे बदलून जातात, किंवा कालवश होतात. पहिले काही महिने उपासनेचा नेम चालतो. पुढे रविवार इतर वारांसारखाच उगवू आणि मावळू लागतो. मग एक बोचरा प्रश्न उभा राहतो : आपली श्रद्धा देवावर होती, की त्या माणसावर?

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. प्रेषित पौलाला थेस्सलनीका हे शहर थोड्याच दिवसांत, तेही रातोरात सोडावे लागले. मागे राहिलेल्या कोवळ्या मंडळीची त्याला इतकी काळजी लागली की त्याने तीमथ्याला तिकडे धाडले, आणि समाधानकारक वार्ता येताच पत्र लिहिले. इ. स. ५० च्या सुमाराचे ते पत्र नव्या करारातील सर्वांत जुन्या लेखनापैकी एक मानले जाते. म्हणजे ख्रिस्ती वाङ्मयाचा प्रारंभच एका अर्थी गुरुवियोगातून झाला.

परंतु ज्यांना पत्रही येणार नव्हते आणि निरोप्याही येणार नव्हता, त्यांचे काय झाले? याचे उत्तर जपानच्या इतिहासात आहे, आणि त्याचा एक धागा गोव्याशी जुळलेला आहे. १५४८ साली गोव्यात अंजिरो नावाच्या जपानी गृहस्थाने बाप्तिस्मा घेतला. त्यालाच सोबत घेऊन संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा येथे उतरले. जुन्या गोव्यात ज्यांच्या अवशेषांच्या दर्शनाला आजही लाखो लोक जातात, ते हेच. जपानात ते जेमतेम सव्वादोन वर्षे राहिले. त्यांच्यामागून इतर मिशनरी आले, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी तेथील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे तीन लाखांवर गेली.

पुढे राजसत्तेची नजर फिरली. १५९७ साली नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले. १६१४ साली देशभर बंदी आली, धर्मगुरूंना हद्दपार करण्यात आले आणि लपून राहिलेल्यांना शोधून ठार मारण्यात आले. १६४४ साली अखेरचा धर्मगुरूही गेला. मागे उरले ते शेतकरी आणि कोळी. संशयितांना ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत. नागासाकीत तर हा प्रकार दरवर्षी चाले. कित्येकांनी जीव वाचविण्यासाठी पाय ठेवला आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. त्यांना भ्याड म्हणण्याचा अधिकार सुरक्षित घरात बसून लिहिणाऱ्याला नाही.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील ओउरा येथे, परदेशीयांसाठी नव्यानेच बांधलेल्या चर्चच्या दाराशी उराकामी गावची काही माणसे आली. त्यांतील एका स्त्रीने फ्रेंच धर्मगुरू पेतीजाँ यांना हलक्या आवाजात सांगितले की, आमचे हृदय तुमच्यासारखेच आहे; आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. सध्या दुःखाचा काळ चालू आहे, हेही त्या मंडळींना ठाऊक होते. तो खरोखरच उपवासकाळ होता. दोनशे वीस वर्षे एकही धर्मगुरू नसताना त्यांचा पंचांगाचा हिशेब चुकला नव्हता.

हे कसे घडले? मिशनरी असतानाच गावोगावी बांधवसंघ उभे राहिले होते आणि सामान्य माणसांना जबाबदारीची सवय लागली होती. बंदीच्या काळात तीच घडी उपयोगी पडली. एकाने सणवारांचे पंचांग सांभाळायचे, एकाने बाप्तिस्मा द्यायचा, एकाने घरोघर निरोप पोचवायचा, अशी कामे वाटलेली होती. प्रार्थना तोंडपाठ होत्या आणि आईबापांकडून मुलांकडे जात होत्या. गुरूचे सगळे काम एकाच्या हाती राहिले नाही, म्हणून एकाच्या मृत्यूने ते बुडाले नाही.

याची किंमतही सांगितली पाहिजे. तोंडी चालत आलेल्या लॅटिन प्रार्थनांचे उच्चार बदलले, अर्थ विसरले गेले. पुढे धर्मगुरू परत आल्यावरही काही मंडळी पूर्वजांच्या वाटेनेच चालत राहिली. शिक्षकाची गरजच नसते, असे म्हणणे म्हणूनच धाडसाचे होईल. आणि जे उघडपणे चर्चकडे परतले, त्यांच्याही वाट्याला लगेच सुख आले नाही. उराकामीच्या सुमारे ३,४०० लोकांना देशोधडीला लावण्यात आले. सहाशेहून अधिक माणसे त्यात दगावली. बंदी उठली ती १८७३ साली.

आपल्या मराठी मुलखातही याच जातीचे, पण घरगुती उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी मात्र पतीमागून डोळे मिटून पाऊल टाकले नाही. त्या रडल्या, भांडल्या, दूर राहिल्या, आणि सुमारे पाच वर्षांनी स्वतःच्या मनाने त्या निर्णयाला पोचल्या. १९१९ साली टिळक गेले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्यांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी त्याचे बहुतेक अध्याय लिहून ते पुरे केले; त्यांच्या निधनानंतर १९३८ साली ते प्रसिद्ध झाले. श्रद्धा उसनी असती, तर धनी गेल्यावर ती एवढी टिकली नसती.

दुरावलेल्या गुरूची आठवण काढून हळहळणे स्वाभाविक आहे. परंतु त्याने शिकविलेली प्रार्थना आज म्हटली का, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. उराकामीच्या शेतकऱ्यांनी तीन गोष्टी सोडल्या नाहीत : ठरलेला दिवस, पाठ केलेले शब्द आणि सोबतीला चार माणसे. परक्या शहरात खोली घेऊन राहणाऱ्या तरुणालाही त्या साधण्यासारख्या आहेत. आणि आज जे धर्मगुरू, पाळक किंवा शिक्षक आहेत त्यांनीही स्वतःला विचारावे की, उद्या आपण येथे नसलो, तर पंचांग कोण सांभाळील? ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येते, त्याचे शिष्य पोरके होत नाहीत.