एका दिवसाचे बारा सेकंद

सिनेमा शिकायचा म्हणजे आधी भारी कॅमेरा हवा, असं बहुतेकांना वाटतं. नववीत आमच्या सरांनी सुरुवात केली ती वाटाण्यापासून! ‘राजा हरिश्चंद्र’ आला १९१३ मध्ये. त्याआधी १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं.

आम्ही तेच मोबाईलवर केलं. कोंब दिसल्यापासून दर पाच मिनिटांनी एक फोटो, म्हणजे तासाला १२, दिवसाला २८८. सेकंदाला २४ चित्रं दाखवली की अख्खा दिवस १२ सेकंदांत संपतो. पथ्यं तीनच. मोबाईल हलता कामा नये, फोकस आणि एक्स्पोजर लॉक हवं, आणि उजेड एकाच दिव्याचा. खिडकीतलं ऊन कमी-जास्त झालं की चित्र लुकलुकतं.

पाच दिवसांचं एक मिनिट झालं. एरवी गप्प उभा वाटणारा कोंब चक्क डोलत, चाचपडत वर चढत होता. काय दाखवायचं याइतकंच किती वेळाने दाखवायचं हे ठरवणं म्हणजे दिग्दर्शन, हे तेव्हा कळलं.

तर मित्रहो, मेसमधून मूठभर सुके वाटाणे मागून आणा. बाकीचं सामान खिशात आहेच!